मंगोलियाच्या हिवाळ्यात आठ दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला 'मंगोलियातील बौद्ध जीवन' असा विषय दिला आहे. विषय मोठा आणि आमचा मुक्काम अवघा आठ दिवसांचा. आठ दिवसांत देश कळत नाही. पण एखादं घर कळतं, एखादी चूल कळते. म्हणून देशाचे वर्णन आम्ही थोडक्यात करणार आहोत आणि घराचे सविस्तर. त्या घरावर पुढे जे संकट आले, त्याची कारणे काय, हेही तुमच्यापुढे मांडायचे आहे. कारण तो प्रश्न आपल्या धम्माशी थेट निगडित आहे.

आम्ही चौघेजण गेलो होतो. दोन निवृत्त शिक्षक, पोस्टात नोकरी केलेले एक गृहस्थ आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका ताई. साल २०२४, महिना जानेवारी. दिल्लीहून सोल आणि सोलहून उलानबातर असा प्रवास. लोक विचारतात, "अहो, उन्हाळा सोडून तुम्ही थंडीत कशाला गेलात?" याचे उत्तर आमच्या दुभाष्याने आधीच दिले होते. हा गृहस्थ पूर्वी भिक्षू होता. कर्नाटकात मुंडगोड येथे तिबेटी वसाहतीत द्रेपुंग गोमांग नावाचे मोठे विद्यापीठ-विहार आहे, तिथे तो बरीच वर्षे शिकला. मुंडगोड हुबळीच्या जवळच. मंगोलियातले भिक्षू आजही तिथे शिकायला येतात. त्यामुळे त्याचे हिंदी अगदी फर्डे. फोनवर म्हणाला, "उन्हाळ्यात आमचा देश पाहुण्यांचा असतो. आमची माणसं बघायची असतील तर थंडीत या."

आता देशाची ओळख. उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन, मध्ये मंगोलिया. क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर; आपली पाच महाराष्ट्रे त्यात मावतील. माणसे मात्र सगळी मिळून ३५ लाखांच्या आसपास, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातरमध्ये. उरलेल्या अफाट प्रदेशात जे पसरले आहेत, त्यातले बहुसंख्य पशुपालक. घोडा, उंट, गाय-याक, मेंढी आणि शेळी या पाच जनावरांना ते 'पाच तोंडांचे धन' म्हणतात. २०२२ च्या अखेरीस देशात सात कोटींवर जनावरे होती. म्हणजे दर माणशी वीस! उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी मानली जाते. आम्ही विमानतळाबाहेर आलो आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस गोठले.

आपलेच शब्द

गाडी चालू झाली आणि दुभाषा आम्हाला त्यांच्या भाषेतले शब्द सांगू लागला. मंगोल भाषेत मंगळ ग्रहाला 'अंगारग' म्हणतात. बुधाला 'बुद', गुरूला 'बारखासबदी' म्हणजे बृहस्पती, शुक्राला 'सुगर' आणि शनीला 'सांचिर' म्हणजे शनैश्चर. पुण्याला 'बुयान', रत्नाला 'एर्देने', वज्राला 'ओचिर'. 'एर्देने' आणि 'ओचिर' ही तर माणसांची नावे आहेत, आपल्याकडे रत्नाकर असतात तशी. औषधी पाण्याच्या झऱ्याला 'अर्शान' म्हणतात. तो मूळचा 'रसायन'. खंडाला 'तिव', म्हणजे आपले 'द्वीप'. आणि सर्वांत गंमत म्हणजे 'सान्सार'. या शब्दाचा आजच्या मंगोल भाषेतला अर्थ आहे अंतराळ. अंतराळवीराला ते 'संसारात उडणारा' म्हणतात. आम्ही खूप हसलो. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "संसारात उडणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत."

हे शब्द कुणी तलवारीच्या धाकाने नेले नाहीत. ते ग्रंथांबरोबर गेले. मध्य आशियातून, उइघुर आणि तिबेटी लोकांच्या हातून गेले. ते ज्या घरात राहतात त्याला 'गेर' म्हणतात. ऐकायला आपलं 'घर'च वाटतं. पण हा मात्र योगायोग बरं का, या दोन शब्दांचं नातं नाही. नातं नसलं तरी आम्हाला तो शब्द पहिल्या दिवशीच पाठ झाला.

दुसऱ्या दिवशी गंदन विहार पाहिला. स्थापना १८०९ ची. आत मिगजिद जानरायसिग म्हणजे अवलोकितेश्वराची उभी मूर्ती आहे, उंची सुमारे साडेसव्वीस मीटर. मूळ मूर्ती १९३८ मध्ये काढून नेली गेली. आज आहे ती १९९६ मध्ये लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली. याच विहाराच्या आवारात जून २०२२ मध्ये आपल्या देशातून नेलेल्या कपिलवस्तूच्या पवित्र अस्थिधातूंचे अकरा दिवस दर्शन होते. त्याआधी त्या १९९३ मध्ये नेल्या गेल्या होत्या. आणखी एका भारतीयाचे नाव तिथे आदराने घेतात. लडाखचे कुशोक बकुला रिन्पोछे. ते १९९० ते २००० अशी दहा वर्षे भारताचे राजदूत होते. तोच काळ तिथे विहारांची दारे पुन्हा उघडण्याचा होता, आणि या राजदूताने त्या कामाला वाहून घेतले. उलानबातरमध्ये त्यांनी पेथुब नावाचा विहारही उभा केला.

हिवाळ्याचा तळ

तिसऱ्या दिवशी पहाटे एका जुन्या रशियन गाडीतून आम्ही पश्चिमेला निघालो. खारखोरिन साडेतीनशे किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना पांढरे, वर निळे, तिसरा रंग नाही. मधूनच एखादा घोड्यांचा कळप, पाठीवर हिमकण गोठलेले. खारखोरिनला एर्देने झू हा १५८६ सालचा विहार पाहिला. भोवती पांढऱ्या स्तूपांची प्रचंड चौकोनी भिंत आणि आत मोकळे पटांगण. एके काळी आत साठांहून जास्त मंदिरे होती. आज मोजकीच उरली आहेत. पूजापाठ मात्र १९९० पासून पुन्हा सुरू आहे. थंडीत आम्हा चौघांशिवाय दर्शनाला होत्या त्या दोन म्हाताऱ्या आणि एक शाळकरी मुलगा.

तिथून पुढे ओरखोन नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत एका कुटुंबाचा हिवाळ्याचा तळ होता. तिथे आम्ही तीन रात्री राहिलो. कुटुंबात नवरा-बायको पंचेचाळिशीतले, नवऱ्याची आई ऐंशीच्या घरातली. दोन मुले तालुक्याच्या गावी शाळेच्या वसतिगृहात आणि थोरला मुलगा उलानबातरला बांधकामावर.

लांबून गाडी थांबवून दुभाषा ओरडला, "नोखोइ खोर!" याचा अर्थ 'कुत्रं आवरा'. आपल्याकडे वाडीवर जाताना हाच पुकारा करतात. मग यजमान बाहेर आले. तिथे हिवाळ्यात भेटल्यावर 'कसे आहात' असे नुसते विचारत नाहीत. 'जनावरं धडधाकट आहेत ना, हिवाळा नीट चाललाय ना' असे विचारतात. आधी जनावरांची ख्यालीखुशाली, मग माणसांची.

गेर म्हणजे लाकडी जाळीच्या गोल भिंती, वर छत्रीच्या काड्यांसारखे दांडे, मधोमध दोन खांबांवर पेललेले लाकडी चक्र. त्या चक्रातून उजेड येतो आणि शेगडीचा धुराडा बाहेर जातो. वरून मेंढीच्या लोकरीच्या नमद्याचे थर. दार नेहमी दक्षिणेला, कारण थंड वारा वायव्येकडून येतो. आत शिरल्यावर डाव्या हाताला पुरुषांची आणि पाहुण्यांची बाजू, उजव्या हाताला बाईची, भांड्याकुंड्यांची. समोर उत्तरेला मानाची जागा; तिथे बुद्धमूर्ती, दिवा आणि घरच्यांचे फोटो. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही आणि दोन खांबांमधून जायचं नाही. हे घर तास-दोन तासांत उभं राहतं, तेवढ्याच वेळात उतरतं. उंटावर किंवा ट्रकमध्ये घालायचं आणि निघायचं. वर्षातून चार-पाच वेळा तरी मुक्काम हलतो. हिवाळ्याचा तळ मात्र पिढ्यान् पिढ्या तोच. कारण तिथे वाऱ्याला आडोसा असतो आणि वाड्यात लेंड्यांचा दाबून घट्ट झालेला जाड थर असतो. तो थर उबदार. मेंढरं त्यावर रात्र काढतात. त्याच्याच विटांसारख्या वड्या कापून वाड्याची भिंत रचतात.

जळण कशाचे? शेणाचे. आपल्या बायका गोवऱ्या थापतात. तिथे माळावर आपोआप वाळलेलं शेण गोळा करतात, आपण रानशेणी म्हणतो ती. त्याला ते 'अर्गाल' म्हणतात. आमच्या ताईंनी टोपलीतली एक रानशेणी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर माझ्या आजोळची!" शेगडी पेटली की दहा मिनिटांत गेर असे तापते की स्वेटर काढावा लागतो. पहाटे विस्तव विझला की तोंडावरचे पांघरूण गोठते. पहिल्या पहाटे बाहेर पारा उणे ३२ अंशांवर होता.

आम्ही आत बसताच काही एक न विचारता चहा आला. दूध, पाणी, थोडी चहापत्ती आणि साखरेऐवजी मीठ. वाटी उजव्या हाताने घ्यायची, डावा हात उजव्या कोपराला लावायचा. नाव, गाव, काम हे सगळे चहानंतर. आम्ही दुभाष्याला विचारले, "अनोळखी माणूस आला तरी असंच?" तो म्हणाला, "अनोळखी आला तर आधी. ओळखीचा थांबू शकतो." हे शब्द आम्ही वहीत लिहून ठेवले आहेत. शेजारचे घर पाच-दहा किलोमीटरवर. वादळात वाट चुकलेल्या माणसाला दार उघडले नाही तर तो मरतो. आज तो, उद्या आपण. आपण दानपारमिता म्हणतो तेव्हा पुष्कळदा देणाऱ्याचा मोठेपणा मनात असतो. त्या माळावर देणाऱ्याचा मोठेपणा कुणी मानत नाही. ती राहण्याची पद्धतच आहे.

कुणी विचारील, बौद्ध असून मांस खातात का? खातात. जिथे वर्षातून जेमतेम तीन-चार महिने गवत हिरवे असते, तिथे भाजीपाल्यावर माणूस जगत नाही. हिवाळा लागताना ठरावीक जनावरे कापून मांस गोठवून ठेवतात, त्यावर वसंत ऋतूपर्यंत निभावते. आम्ही होतो तेव्हा नववर्ष, त्यांचा 'त्सागान सार', जवळ आला होता. त्या वर्षी तो १० फेब्रुवारीला होता. घरातल्या बायका शेकडो मांसाचे मोदक, 'बूझ', वळून बाहेर फळ्यांवर गोठवत होत्या. आकार हुबेहूब आपल्या उकडीच्या मोदकाचा.

नऊ नव्वांचा हिशेब

थंडीचा त्यांचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. २२ डिसेंबरपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ भाग, एकूण ८१ दिवस. पहिल्या नऊ दिवसांत दुधाची साधी दारू गोठते. दुसऱ्या भागात दोनदा गाळलेली कडक दारू गोठते. तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचे शिंग गोठते, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचे. पाचव्यात शिजवलेला भात बाहेर ठेवला तरी गोठत नाही. सहाव्यात बर्फाखालची वाट दिसू लागते. सातव्यात टेकड्यांचे माथे उघडे पडतात, आठव्यात जमीन ओलावते, नवव्यात ऊब येते. आम्ही गेलो तो चौथा नऊ होता, चार वर्षांच्या बैलाच्या शिंगाचा. म्हातारी आम्हाला म्हणाली, "तुम्ही चांगला दिवस निवडलात. याहून वाईट काही येत नाही."

यजमानांचा दिवस असा. उजाडायच्या आत बाईने विस्तव करायचा, चहाचा पहिला चमचा बाहेर जाऊन चारी दिशांना शिंपडायचा. ऊन वर आले की मेंढरं-शेरडं वाड्यातून सोडायची. घोडे मोकळेच असतात. घोडा खुराने बर्फ उकरून गवत काढतो. त्याच्या मागोमाग गाई आणि मेंढरं उकरलेल्या जागी चरतात. पाणी म्हणजे बर्फच. माणसांसाठी नदीवरून कुऱ्हाडीने बर्फाच्या लाद्या फोडून आणायच्या आणि शेगडीवर वितळवायच्या. दुपारी चारलाच सावल्या लांबतात. मेंढरं परत आली की मोजायची. रोज मोजायची. एक कमी भरली तरी कुणीतरी घोड्यावर बसून निघतो.

आमच्या ताईंनी बाळंतपणाची चौकशी केली. दिवस भरत आले की गरोदर बाईला आधीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी प्रसूतीपूर्व निवासात नेऊन ठेवतात, असे समजले. ताई म्हणाल्या, "एवढ्या अंतरात आणि एवढ्या थंडीत हे जमवतात, म्हणजे मनावर घेतलंय त्यांनी."

पेटीतला बुद्ध

दुसऱ्या रात्री म्हातारीने समोरच्या पेटीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. वीतभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती आणि लांबट कागदांची तिबेटी पोथी. तिच्या आईने ती लपवली होती.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९३७ ते १९३९ या काळात चोइबालसान यांच्या राजवटीत, स्टालिनच्या दडपणाखाली, मंगोलियातील धर्मसंस्था जवळजवळ पुसून टाकली गेली. पंधरा हजारांहून अधिक भिक्षू मारले गेले. शेकडो विहार पाडले गेले. १९४४ मध्ये गंदन उघडले ते मर्यादित स्वरूपात, आणि पुढे कित्येक दशके देशात चालू असलेला तो जवळजवळ एकमेव विहार होता. डिसेंबर १९८९ मध्ये लोकशाहीसाठी मोर्चे सुरू झाले, १९९० मध्ये एकपक्षीय सत्ता गेली, १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली. म्हणजे मधली पन्नास वर्षे धम्म कुठे होता? विहारात नव्हता. तो अशा पेट्यांत होता. मूर्ती कधी पिठाच्या पोत्यात, कधी डोंगरात कपारीत. पोथी वाचता येणारे कुणी उरले नव्हते. म्हातारीलाही ती वाचता येत नाही. आम्ही विचारले, "मग जपली कशासाठी?" तिने उत्तर दिले, "वाचणारा कधीतरी येईल म्हणून."

आमच्या दुभाष्याने ती पोथी मांडीवर घेतली आणि दिव्याच्या उजेडात वाचायला सुरुवात केली. मुंडगोडला शिकलेला मुलगा. म्हातारी हात जोडून बसून राहिली. आम्हाला एक अक्षरही कळत नव्हते, पण आम्हीही बसलो.

झुद

आता संकटाकडे येतो. यजमान सतत माळाकडे बघून गप्प होत. कारण विचारले तेव्हा त्यांनी आम्हाला बाहेर नेले, काठीने बर्फावर मारले. टणक आवाज आला. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या बर्फाखाली काचेसारखा थर होता. नोव्हेंबरात बर्फ पडला, मध्ये ऊब येऊन तो वितळला आणि पुन्हा गोठला. घोड्याच्या खुरालाही तो फुटत नाही; उलट जनावरांचे पाय कापतात. खाली गवत आहे, वर उपाशी जनावर उभे आहे. याला ते 'झुद' म्हणतात. बर्फ फार पडला तर पांढरा झुद, बर्फच नाही आणि प्यायला पाणीही नाही तर काळा झुद, आणि बर्फाची अशी लादी झाली तर लोखंडी झुद. १९९९ ते २००२ असे सलग तीन झुद आले. २००९-१० च्या हिवाळ्यात सुमारे एक कोटी जनावरे मेली. आणि आम्ही पाहिला तो २०२३-२४ चा हिवाळा. त्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे गेली. देशातल्या दर दहा जनावरांमागे एकाहून जास्त.

आम्ही परतल्यावर एप्रिलमध्ये दुभाष्याचा निरोप आला. आम्ही तिथे असताना यजमानांनी रोज चारशे बारा मेंढ्या-शेळ्या मोजल्या होत्या. वसंतात उरल्या एकशे सदतीस. त्यात नुकतीच जन्मलेली कोकरे-करडेही धरली होती.

बंधू-भगिनींनो, अशा वेळी माणूस काय म्हणतो? नशीब. मागच्या जन्मीचे कर्म. तिथेही असे म्हणणारे भेटले, आपल्याकडेही भेटतात. पण बुद्धाने आपल्याला कारणे शोधायला शिकवले. हे असल्यामुळे ते होते, हे नसल्यास ते होत नाही. मग झुदची कारणे कोणती?

पहिले कारण हवामान. १९४० पासून मंगोलियाचे सरासरी तापमान दोन अंश सेल्सियसहून अधिक वाढले आहे. जगाच्या सरासरीहून ही वाढ बरीच जास्त. उन्हाळ्यात पाऊस लहरी झाला की गवत कमी उगवते, जनावर हाडकुळेच हिवाळ्यात शिरते. आणि भर थंडीत ऊब आली की बर्फ वितळून लादी होते. मंगोल पशुपालकाने किती धूर केला? रानशेणीचा.

दुसरे कारण बाजार. समाजवादी काळात जनावरे सामुदायिक संस्थांची होती; चारा साठवणे, पशुवैद्य, वाहतूक हे त्या संस्था पाहत. १९९० नंतर त्या मोडल्या, जनावरे घरोघर वाटली गेली आणि चाऱ्याची ती व्यवस्था गेली. हातात रोख पैसा आणणारे एकच उत्पादन उरले, ते म्हणजे शेळीची मऊ लोकर, काश्मिरी. मग शेळ्या वाढल्या. १९९० साली देशात अडीच कोटींच्या आसपास जनावरे होती, त्यात पाचांत एक शेळी. पुढे जनावरे सात कोटींवर गेली आणि पाचांत जवळजवळ दोन शेळ्या झाल्या. कुरण तेवढेच राहिले. शेळी गवत अगदी मुळापाशी कुरतडते. म्हणजे परदेशातल्या उबदार शालीची किंमत त्या माळाने भरली.

तिसरे कारण कर्ज. लोकर वर्षातून एकदाच, वसंतात निघते. मुलांची फी, चारा, गाडीचे इंधन यासाठी बँकेचे कर्ज काढायचे, जनावरे तारण ठेवायची. कर्ज फेडायचे तर जनावरे कमी करून चालत नाही. झुदमध्ये जनावर मरते, कर्ज मरत नाही.

पाहा, यात मागचा जन्म कुठे आला? सगळी कारणे याच जन्मातली, याच जगातली आहेत. म्हणूनच उपायही इथेच आहेत आणि ते होत आहेत. २००६ पासून तिथे जनावरांचा एक वेगळा विमा चालू झाला. त्यात एकेका घराचे नुकसान न मोजता संपूर्ण तालुक्यात किती टक्के जनावरे मेली त्यावर भरपाई ठरते. काही ठिकाणी पशुपालकांनी गट करून कुरण वाटून घेतले, थोडे राखून ठेवले. तिथल्या १९९२ च्या घटनेप्रमाणे कुरण खासगी मालकीचे होऊ शकत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. पण जे सर्वांचे, ते सर्वांनी मिळून राखले नाही तर कुणाचेच उरत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. पाणी सर्वांचे, वाटप कसे करायचे? मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दारिद्र्य ठरते, या समजुतीचीही त्याच ग्रंथात त्यांनी परखड चिकित्सा केली आहे. ओरखोनच्या खोऱ्यात, त्या काचेसारख्या बर्फावर उभे राहून आम्हाला या दोन्ही गोष्टी नव्याने समजल्या.

शहराच्या कडेला

परतीच्या वाटेवर शेवटचा दिवस उलानबातरमध्ये होता. यजमानांच्या थोरल्या मुलाकडे आईने मांसाची पिशवी पाठवली होती, ती पोचवायला गेलो. शहराच्या उत्तरेला टेकड्यांवर हजारो गेर दाटीवाटीने उभे आहेत, प्रत्येकाला लाकडी कुंपण. शहराची निम्म्याहून अधिक वस्ती अशी. झुदमध्ये कळप गेलेली कितीतरी कुटुंबे इथे येऊन राहिली आहेत. नळ घरात नाही. पाणी ठरलेल्या ठिकाणाहून डब्यातून आणायचे. शेगडीत रानशेणीऐवजी कोळसा. २०१९ पासून शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी आहे, त्याजागी दाबून केलेल्या कोळशाच्या विटा आल्या; तरी त्या संध्याकाळी समोरची टेकडी धुरात दिसत नव्हती. लहान मुलांच्या छातीचे आजार हे तिथल्या दवाखान्यांचे मोठे काम.

मुलगा पंचविशीचा. त्याच्या गेरचे दारही दक्षिणेलाच. त्यानेही आधी मीठचहा दिला. मग विचारले, "जनावरं कशी आहेत?" घर सोडून सहा वर्षे झाली तरी प्रश्न तोच. मुंबईच्या, पुण्याच्या वस्त्यांत आपल्यातले पुष्कळजण असेच येऊन राहिले. दुष्काळात गाव सुटले, पण पत्र आले की पहिला प्रश्न विहिरीचा. म्हणून त्या झोपडवस्तीत आम्हाला परके वाटले नाही.

आपण काय करावे

समितीने सांगितले होते की शेवटी काही विधायक सूचना करा. तीन करतो.

एक. मुंडगोड इथून फार दूर नाही. तिथे शिकणाऱ्या मंगोल भिक्षूंपैकी एक-दोघांना दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्या विहारात बोलवावे. त्यांचे पंथ, विधी, पोशाख आपल्याहून वेगळे आहेत. बुद्ध एकच आहे. त्यांनी आपल्याला पोथी वाचून दाखवावी, आपण त्यांना बाबासाहेब वाचून दाखवावेत.

दोन. वाचनालयात आशियातील बौद्ध देशांचे एक कपाट असावे. श्रीलंका, म्यानमार, थायलंडची माहिती आपल्याला थोडीफार असते. मंगोलिया म्हटले की आपल्या मुलांना फक्त चंगेजखान आठवतो.

तीन. आपल्या घरी, आपल्या चाळीत, कुणावर संकट आले की 'त्याचं कर्म' हा शब्द उच्चारायचा नाही. आधी चहा द्यायचा, मग कारण विचारायचे.

यजमानांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्यांच्या भावाने आणि शेजाऱ्यांनी मिळून तीस मेंढ्या दिल्या. ज्यांचेही नुकसान झाले होते त्यांनी दिल्या. मुलगा म्हणत होता शहरात या, पण ते गेले नाहीत. निदान आणखी एक हिवाळा बघू म्हणाले. २०२४ च्या शरदात त्यांनी गेर उतरवले आणि पुन्हा त्याच डोंगराच्या कुशीत उभे केले. पेटी उत्तरेला ठेवली.



नमो बुद्धाय! जयभीम!